गुन्हेगाराची बोली आणि साक्षीदाराची वाणी : बीड जिल्ह्याच्या संदर्भात गुन्हेशास्त्राच्या अभ्यासाचा भाषिक इतिहास

१

बीड जिल्ह्यातून पदव्युत्तर वर्गांत येणाऱ्या विद्यार्थ्यांत न्यायसहायक विज्ञान आणि गुन्हेशास्त्र या दोन विषयांविषयी अलीकडे विशेष जिज्ञासा दिसते. तिला कारणही तसेच आहे. १ जुलै २०२४ रोजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेस पात्र असलेल्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद तिच्या कलम १७६ मध्ये आहे, आणि ही व्यवस्था उभी करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. साहजिकच प्रयोगशाळांना माणसे लागणार, आणि रसायनशास्त्र, जीवशास्त्र वा संगणकशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यास पुढचा मार्ग स्पष्ट दिसतो. भाषा शिकणारा विद्यार्थी मात्र संकोचाने विचारतो, की या क्षेत्रात आपले काय काम?

या प्रश्नाचे उत्तर नोकऱ्यांच्या यादीने देता येईल. परंतु ते अपुरे ठरेल. भाषेचा अभ्यास आणि गुन्ह्याचा तपास यांचा संबंध आपल्याकडे नवा नाही. भारतातील पहिली रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा मद्रासला १८४९ साली निघाली; त्याच्या तेरा वर्षे आधी, १८३६ साली, ठगांच्या गुप्त भाषेचा कोश कलकत्त्यास छापून प्रसिद्ध झाला होता. म्हणजे तपासाच्या कामी आपल्याकडे शब्दकोश प्रयोगशाळेच्या आधी आला. तो कोणत्या हेतूने आला, त्यातून पुढे काय निष्पन्न झाले, आणि त्या वारशापैकी आज काय टाकावयाचे व काय घ्यावयाचे, याचा विचार केल्याशिवाय या क्षेत्रात पाऊल टाकणे भाषेच्या अभ्यासकास तरी उचित होणार नाही. प्रस्तुत लेखात हा विचार बीड जिल्हा व त्याच्या आसपासचा मुलूख नजरेसमोर ठेवून केला आहे.

२

विल्यम स्लीमन याच्या 'रामसीआना' या ग्रंथाचा मोठा भाग ठगांच्या 'रामसी' नामक सांकेतिक बोलीच्या शब्दसंग्रहाने व्यापलेला आहे. माफीच्या आशेने सरकारी साक्षीदार झालेल्या ठगांकडून हे शब्द मिळविलेले होते. प्रवाशास गोड बोलून जाळ्यात ओढणारा तो 'सोथा', गळा आवळणारा तो 'भुर्तोट', खड्डा खणणारा तो 'लुघा', खुनाची खूण ती 'झिरनी', असे ते शब्द आहेत. कामाच्या वाटणीप्रमाणे प्रत्येकास स्वतंत्र नाव असल्याचे पाहून स्लीमनने अनुमान काढले, की हा एक सर्व देशभर पसरलेला, पिढीजात आणि एकसूत्री व्यवसाय आहे. शब्दसंग्रह हा त्याच्या दृष्टीने संघटनेचा पुरावा होता.

मराठवाड्यास हे प्रकरण परके नाही. निजामाच्या नोकरीत असलेला मेडोज टेलर उमेदीच्या काळात नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांत पोलीस अधिकारी होता, आणि १८५३ नंतर नळदुर्ग प्रांताचा कारभार त्याच्याकडे आला. हा मुलूख बीडच्या शेजारचाच. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ठगविषयक कादंबरीच्या प्रास्ताविकात त्याने हिंगोलीच्या हरिसिंगाची हकीकत नमूद केली आहे. हरिसिंग हा हिंगोलीच्या छावणीतील प्रतिष्ठित व्यापारी. इंग्रज अधिकारीही त्याच्याशी देवघेव करीत. मुंबईहून कापड आणावयाचे आहे असे सांगून त्याने रीतसर परवाना मिळविला. दुसराच एक व्यापारी ते कापड घेऊन येत आहे हे त्यास ठाऊक होते. वाटेत त्या व्यापाऱ्यास माणसांसह ठार मारून त्याने तोच माल परवान्यावर छावणीत आणला व उघडपणे विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतः सांगितले नसते, तर हे कधी उघडकीस आले नसते, असे टेलर म्हणतो.

या हकीकतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही, की हरिसिंगाच्या बोलण्यावरून, पेहरावावरून वा समाजातील स्थानावरून त्याचा संशय कोणासही आला नव्हता. रूढ अर्थाने तो 'सभ्य' होता. दुसरी ही, की वस्तुनिष्ठ पुरावा हाती नसल्यामुळे सर्व भिस्त कबुलीवर राहिली. याच सुमारास झालेल्या १८३६ च्या ३० व्या अधिनियमाने ठगांच्या टोळीत सामील असणे एवढ्याच कारणास्तव जन्मठेप देता येऊ लागली. विशिष्ट खून विशिष्ट माणसाने केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो टोळीतला आहे असे दुसऱ्या ठगाने सांगितले म्हणजे पुरे. 'काय केले' या प्रश्नाची जागा येथे 'कोण आहे' या प्रश्नाने घेतली.

ठगांनी केलेल्या हत्या काल्पनिक होत्या, असे म्हणण्याचा येथे उद्देश नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. सांकेतिक शब्दांचे ज्ञान हे टोळीच्या सभासदत्वाचे चिन्ह मानले गेले, आणि सभासदत्व हाच गुन्हा ठरला.

३

या पद्धतीचा विस्तार १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात झाला. हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये त्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर करण्यात आली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, की तिच्यातील माणसांनी नाव नोंदवावयाचे, बोटांचे ठसे द्यावयाचे, हजेरी लावावयाची आणि परवान्याशिवाय गाव सोडावयाचे नाही. गुन्हा केलेला नसला तरी हे चुकत नसे.

मुंबई इलाख्याच्या पोलिसांसाठी मायकेल केनेडी याने १९०८ साली गुन्हेगार वर्गांविषयीची टिपणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. भामटे, कैकाडी, मांग-गारुडी, पारधी, रामोशी, वडार इत्यादींवर त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यांची कलमे ठरलेली: वस्ती व भटकंतीचा प्रदेश, पेहराव, बोली व बोलण्यातील लकबी, निर्वाहाचे दिखाऊ साधन, वेषांतर, गुन्ह्याची रीत, हत्यारे, चोरीच्या मालाची विल्हेवाट. भाषेच्या अभ्यासकास यातील 'बोली व लकबी' हे कलम अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही. हत्यारे आणि वेषांतर यांच्या पंक्तीस येथे मातृभाषा बसविलेली आहे.

या ठिकाणी बीडची स्थिती काहीशी वेगळी होती. अहमदनगर जिल्हा (आजचा अहिल्यानगर) ब्रिटिश मुलखात आणि त्यास लागून असलेला बीड निजामाच्या राज्यात, अशी सीमा या प्रदेशातून जात होती. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या प्रत्यक्ष कक्षेतून हैदराबाद संस्थान वगळलेले होते. परिणामी पारधी, कैकाडी, लमाणी या बोलींचे जे नमुने त्या सर्वेक्षणात आले, ते मुंबई इलाखा, वऱ्हाड आदी ब्रिटिश प्रांतांतून आले. बीडच्या माळरानांवर हिंडणाऱ्या बिऱ्हाडांपर्यंत सर्वेक्षणाचा लेखनिक पोचला नाही. संस्थानात जातिजमातींविषयी जो विस्तृत ग्रंथ १९२० साली निघाला, तोही सय्यद सिराज-उल-हसन या न्यायाधीशाच्या हातून. तात्पर्य, येथील भटक्यांच्या भाषेकडे भाषाशास्त्रज्ञाच्या आधी पोलिसाची व न्यायाधीशाची दृष्टी गेली.

ग्रियर्सनच्या सर्वेक्षणातील अकरावा खंड, जो १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तो भटक्यांच्या बोलींना वाहिलेला आहे. भामटी, कोल्हाटी, गारुडी, सांसी, कंजरी अशा अनेक बोली त्यात येतात. त्यातील काही स्वतंत्र बोली आहेत, तर काही केवळ सांकेतिक रचना आहेत, हे त्याने दाखविले. शब्दाच्या आरंभी एखादे व्यंजन जोडणे, आद्य वर्ण बदलणे, अक्षरांची उलटापालट करणे, अशा युक्त्यांनी नेहमीचाच शब्द झाकला जातो. मराठी मुले खेळताना 'च'ची भाषा बोलतात, तिची युक्ती हीच. झाकण्याची युक्ती सार्वत्रिक आहे. तीवरून झाकणाऱ्याच्या नीतीविषयी काहीही सिद्ध होत नाही.

याहून अधिक बोलके उदाहरण आपल्या बाजारपेठेत आहे. महाराष्ट्रातील दलाल व व्यापारी 'नंदभाषा' नावाची सांकेतिक बोली वापरीत. तीत एक, दोन, तीन या संख्यांना गिऱ्हाइकास न कळणारी निराळी नावे असत. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा ठरविण्याची रीत तर बीडच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. तिसऱ्यास कळू नये हाच या दोहोंचा हेतू. परंतु नंदभाषा बोलतो म्हणून कोणा दलालाचे नाव पोलिसांच्या नोंदवहीत चढल्याचे उदाहरण नाही. व्यापाऱ्याची गुप्त भाषा हा धंद्याचा रिवाज ठरला आणि भटक्याची गुप्त भाषा हा गुन्ह्याचा पुरावा ठरला. दोन्ही ठिकाणी भाषिक घटना एकच आहे; बदलला तो पाहणारा आणि त्याच्या मनातील पूर्वग्रह. हिंगोलीचा हरिसिंग व्यापाऱ्याच्या वेषात बिनधोक राहिला, याचेही मर्म येथेच सापडते.

४

गुन्ह्याच्या अभ्यासाचा दुसरा प्रवाह याच काळात स्वतंत्रपणे वाढत होता. मद्रासनंतर कलकत्ता १८५३, आग्रा १८६४ व मुंबई १८७० अशा क्रमाने रासायनिक परीक्षकांच्या प्रयोगशाळा निघाल्या. धोतरा, सोमल, अफू यांच्या विषप्रयोगांचे निदान हे त्यांचे मुख्य काम. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आय. बी. लायन यांनी न्यायवैद्यकावर लिहिलेला ग्रंथ १८८८ साली निघाला व पुढे दीर्घकाळ वापरात राहिला. १९२० मध्ये जयसिंग मोदी यांचा ग्रंथ आला. त्याच्या सुधारित आवृत्त्या आजही वकील व वैद्यकाचे विद्यार्थी वापरतात. कलकत्त्यास १८९७ मध्ये बोटांच्या ठशांचे कार्यालय स्थापन झाले. ठशांच्या ज्या वर्गीकरणास एडवर्ड हेन्रीचे नाव मिळाले, त्याच्या सिद्धतेत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा वाटा मोठा होता.

या प्रवाहाचे वैशिष्ट्य असे, की त्याचा प्रश्न 'कोण आहे' असा नसून 'काय घडले' असा आहे. जठरात सापडलेल्या सोमलास जात नसते. तथापि हा प्रवाह सर्वस्वी निर्मळ होता, असेही म्हणता येत नाही. नॉर्मन चेव्हर्स याच्या १८५६ च्या न्यायवैद्यकावरील ग्रंथात विषांच्या विवेचनाआधी हिंदी लोकांच्या गुन्हेगारी स्वभावाचे विवेचन येते. तपासशास्त्राचा प्रवर्तक मानला गेलेला ऑस्ट्रियन न्यायाधीश हान्स ग्रोस याने १८९३ च्या आपल्या ग्रंथात चोरांच्या बोलीला व भटक्या रोमा लोकांना स्वतंत्र प्रकरणे दिली. या ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १९०६ साली निघाले ते लंडनहून नव्हे, मद्रासहून, आणि हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांच्या उपयोगासाठी. बोटांच्या ठशांचीही तीच गत. एका घटनेचा उलगडा करणारे हे उत्तम साधन १९११ च्या कायद्याने सबंध जमातीची नोंद ठेवण्यासाठी वापरले. साधन शास्त्रीय असले म्हणजे त्याचा उपयोग न्याय्य होतोच असे नाही. त्यास विचारलेला प्रश्न कोणता, यावर सर्व अवलंबून असते.

५

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले. १९५१ मध्ये भारतीय दंडसंहिता व पुराव्याचा कायदा तेथे लागू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीडसह मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. आठ-दहा वर्षांच्या आत या जिल्ह्याने कायदा आणि न्यायाची भाषा अशा दोन्ही गोष्टी बदललेल्या पाहिल्या.

भाषाबदलाचे महत्त्व विशेष आहे. १८८० च्या दशकात संस्थानात फार्सीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली, आणि १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर कायद्यासह उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाऊ लागले. बीडच्या मराठी शेतकऱ्याची तक्रार उर्दूत लिहिली जाई, तिचा निकाल उर्दूत लागे. आपण जे बोललो तेच लिहिले गेले का, हे पडताळण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. पुढे मराठी आली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने 'न्याय व्यवहार कोश' सिद्ध केला. परंतु पोलीस ठाण्यातील मराठी पाहिली, तर जुन्या थरांच्या खुणा तीत जागोजाग दिसतात. 'फिर्याद', 'जबाब', 'मुद्देमाल', 'मयत', 'जामीन', 'मजकूर' हे फार्सी-अरबी वळणाचे शब्द. 'पंचनामा' तर संस्कृत 'पंच' व फार्सी 'नामा' यांचा जोड. 'इसम' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ 'नाव'. ठाण्यातील मराठीत तो 'माणूस' झाला, आणि माणसास 'सदर इसम नामे' असे म्हणताना आपण नाव हा अर्थ दोनदा उच्चारतो, याची जाणीव लिहिणाऱ्यास नसते.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला आणि 'गुन्हेगार' ठरविलेल्या जमाती 'विमुक्त' झाल्या. कायदा गेला तरी संशय लगेच जात नाही. मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांविषयीचा स्वतंत्र कायदा झाला, आणि पाल ठोकून राहणाऱ्यांवर प्रथम संशय घेण्याची सवय कागदावर नसली तरी व्यवहारात टिकली. अभ्यासाच्या क्षेत्रात मात्र एक मोठा पालट झाला. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड मॉरर याने १९५५ मध्ये खिसेकापूंच्या बोलीवर ग्रंथ लिहिला. शब्दसंग्रह हा दोषारोपाचा आधार न मानता, एका उपसमाजाचे जीवन समजून घेण्याचे साधन म्हणून त्याने हाताळला. आपल्याकडे हे काम भाषाशास्त्रज्ञाने न करता ज्यांची नोंद ठेवली जात होती त्यांच्यातीलच लेखकांनी केले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये व लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. गायकवाड हे बीडला लागून असलेल्या लातूर जिल्ह्यातील धनेगावचे. त्यांच्या ग्रंथास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. केनेडीच्या 'बोली व लकबी' या कलमात जे शब्द जातीची खूण म्हणून नोंदले गेले, त्या प्रकारचे शब्द येथे भूक, मार आणि नातीगोती यांच्या संदर्भासह प्रथमच वाचकांसमोर आले. २०१३ मध्ये अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली निघालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात भटक्या-विमुक्तांच्या बोलींना इतर बोलींच्या बरोबरीचे स्थान मिळाले. गुन्हेशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने केनेडीचे एक प्रकरण आणि 'उचल्या' ही दोन्ही एकापाठोपाठ वाचावीत. पहिल्याने जे पाहिले नाही ते दुसऱ्यामुळे दिसते.

६

मग भाषेच्या अभ्यासकाचे या क्षेत्रातील खरे काम कोणते? गुन्हेगार कसा बोलतो हे सांगणे, हे ते काम नव्हे. माणूस प्रत्यक्षात काय बोलला हे राखणे, हे ते काम होय.

यान स्वार्तविक या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाचे १९६८ चे छोटे पुस्तक या दृष्टीने मार्गदर्शक आहे. लंडनमध्ये टिमथी इव्हान्स या अल्पशिक्षित तरुणास ९ मार्च १९५० रोजी फाशी झाली, आणि १९६६ मध्ये त्यास मरणोत्तर माफी देण्यात आली. पोलिसांनी लिहून घेतलेल्या त्याच्या जबाबांची व्याकरणिक छाननी करून स्वार्तविकने दाखविले, की वादग्रस्त भागांतील वाक्यरचना उरलेल्या भागांतील रचनेशी जुळत नाही. 'न्यायसहायक भाषाविज्ञान' हे नाव या अभ्यासातूनच रूढ झाले.

हीच दृष्टी बीडच्या जबाबांस लावली तर काय दिसेल, हे काही कल्पित उदाहरणांनी स्पष्ट करता येईल. समजा एखादा माणूस म्हणतो, "म्या काय बी केलं नाही." कागदावर येते, "मी सदर गुन्हा केलेला नाही." पहिल्या वाक्यात सर्वस्वी नकार आहे. दुसऱ्यात गुन्हा घडला हे गृहीत धरलेले असून केवळ कर्तृत्व नाकारलेले आहे. 'सदर' या एका शब्दाने बोलणाऱ्याच्या तोंडी नसलेली कबुली त्याच्या नावावर चढली.

दुसरे उदाहरण 'म्हणे' या शब्दाचे. "त्यो म्हणे रात्री आलता," असे साक्षीदार म्हणतो; म्हणजे त्याने स्वतः पाहिले नाही, ऐकले. लेखनिक लिहितो, "तो रात्री आला होता." बोलीतील 'म्हणे' प्रमाण लेखनात अनावश्यक वाटून गळतो आणि ऐकीव माहिती प्रत्यक्ष साक्ष बनते. पुराव्याच्या कायद्यात ऐकीव व प्रत्यक्ष यांतील भेद किती मूलगामी आहे, हे सांगणे नलगे. मराठीने तो भेद दोन अक्षरांत सांभाळला आहे. त्या दोन अक्षरांची किंमत लेखनिकास कळली पाहिजे.

तिसरे उदाहरण हेतूचे. "माझ्या हातून काठी लागली" आणि "मी काठीने मारले" ही दोन वाक्ये एकाच घटनेविषयी असू शकतील. परंतु पहिल्यात इच्छेचा अभाव सूचित होतो व दुसऱ्यात इच्छा. सदोष मनुष्यवध आणि खून यांतील सीमारेषा हेतूवर व जाणिवेवर ठरत असल्यामुळे, हा प्रयोगभेद व्याकरणाच्या तासापुरता उरत नाही. 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेदही असाच. ऐकणारा कृत्यात सामील होता की नाही हे मराठी या सर्वनामांनी सांगते, आणि इंग्रजी भाषांतरात ते हमखास हरवते.

वाक्य कोठे तोडावयाचे, यासही न्यायालयात महत्त्व आहे. पोलिसांसमोरची कबुली ग्राह्य नाही. मात्र आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य ठरतो. १८७२ च्या कायद्यातील कलमे २५ ते २७ मधील हे तत्त्व आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात, ज्याचा निर्णय १९४७ च्या निर्णयसंग्रहात आला, प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले, की घरात लपविलेला सुरा काढून देतो, इतके विधान घेता येईल; त्याच सुऱ्याने अमुक मनुष्यास भोसकले, हा जोडलेला भाग घेता येणार नाही. मराठीत 'ज्या सुऱ्याने मारले तो सुरा' अशी संबंधदर्शक रचना अगदी सहज होते, आणि ग्राह्य व अग्राह्य हे दोन्ही भाग एकाच वाक्यात गुंफले जातात. ही गुंफण बोलणाऱ्याची की लिहिणाऱ्याची, हा शुद्ध भाषाशास्त्रीय प्रश्न आहे, आणि त्यावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असू शकते.

७

आता शिक्षण व वृत्ती यांविषयी. गुन्हेशास्त्राच्या पद्धतशीर अध्यापनास मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे १९३६ मध्ये समाजकार्याची शाळा म्हणून सुरू झालेल्या संस्थेत, मोठी परंपरा आहे. सागर विद्यापीठात गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञान यांचा विभाग १९५९ मध्ये निघाला. गांधीनगर येथील संस्थेस २०२० मध्ये राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बीडच्या विद्यार्थ्यास सर्वांत जवळची म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था. तेथेच प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळाही आहे. जिल्ह्यात अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असून न्यायवैद्यक हा तेथील अध्यापनाचा एक विषय आहे. प्रयोगशाळांतील विश्लेषकांची पदे, तुरुंग व परिवीक्षा विभाग, आणि अध्यापन हे ठळक मार्ग होत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पात्रता परीक्षेत गुन्हेशास्त्र, न्यायसहायक विज्ञान आणि भाषाविज्ञान हे तिन्ही स्वतंत्र विषय आहेत.

भाषेच्या विद्यार्थ्यास आत प्रवेश देणाऱ्या दोन वाटा अलीकडे रुंद झाल्या आहेत. तज्ज्ञांच्या मताविषयीच्या जुन्या ४५ व्या कलमाच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये विज्ञान व कला यांच्या जोडीस 'अन्य कोणतेही क्षेत्र' असा विस्तार झाला आहे. दुसरी वाट ध्वनीची. आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रितेश सिन्हा प्रकरणात दिला, आणि नव्या संहितेत तशी स्पष्ट तरतूद आली. झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य मुद्रण आता आवश्यक झाले असून जबाबही तसे मुद्रित करता येतात.

याचा अर्थ असा, की बीडच्या माणसाची वाणी आता लेखनिकाच्या मराठीच्या शेजारी, तिच्या मूळ रूपात, न्यायालयासमोर येऊ लागणार. 'करायलो', 'जायलो', 'आलतो' ही रूपे, त्यांतील काळ व निश्चितीच्या छटा, पारधी वा लमाणी मातृभाषा असलेल्या माणसाच्या मराठीतील वळणे, हे सर्व अचूक उतरवून घेणारा व न्यायाधीशास समजावून देणारा जाणता माणूस लागणार. त्याच्यासाठी आधारभूत सामग्री मात्र तयार नाही. ग्रियर्सनच्या वेळी वगळलेल्या या प्रदेशातील बोलींचे, गेवराईपासून परळीपर्यंत व आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत, वय, व्यवसाय व मातृभाषा यांची नोंद असलेले ध्वनिमुद्रित नमुने प्रथम गोळा व्हावयास हवेत. त्यात एक दक्षता कटाक्षाने पाळावी लागेल: ही नोंद कोणत्याही जमातीची ओळख पटविण्याच्या कामी वापरली जाणार नाही, हे आरंभीच ठरले पाहिजे. बोलीवरून प्रदेशाचा अंदाज बांधणारे ज्ञान बोलीवरून जात ठरविण्याकडे केव्हा घसरते, हे १८३६ नंतरच्या इतिहासाने पुरेसे दाखविले आहे.

सारांश, या क्षेत्रात भाषेच्या अभ्यासकाचा प्रवेश नवा नसून दुसरा आहे. पहिल्या प्रवेशात त्याने शब्द गोळा केले, आणि ते ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याच विरुद्ध ते वापरले गेले. दुसऱ्या प्रवेशाची तयारी पदव्युत्तर प्रबंधांच्या रूपाने विभागातच सुरू होऊ शकेल. जिल्ह्यातील एका तालुक्याची बोली, एका ठाण्याच्या जुन्या जबाबांची व्यक्तिनामे वगळून केलेली भाषिक छाननी, किंवा 'म्हणे', 'आपण', 'हातून' यांसारख्या रूपांचा न्यायव्यवहारातील अर्थ, यांपैकी कोणताही विषय एका विद्यार्थ्याच्या दोन वर्षांच्या श्रमास पुरेसा आहे.